वाघाचा नमस्कार

मतदान सुरू होऊन तासही झाला नव्हता, तोच केंद्रात वाघ शिरला.

बोरमला फोन आला तेव्हा ती निवडणूक समितीच्या खोलीत काळा कोट अंगावर तसाच ठेवून कॉफी फुंकत बसली होती. छुन्छन शहरात त्या सकाळी तळ्यावरचं धुकं थेट वर्गांपर्यंत आलं होतं आणि हीटर नुसता गुरगुरत होता. फोन दुसिकचा होता. दुसिक समितीचा सचिव, जेवणाच्या घंटेखेरीज कशानेही न हलणारा गडी. आज मात्र त्याचा आवाज फाटला होता.

"ताई, लायब्ररीच्या केंद्रावर ये. वाघ येऊन गेला."

"कुठला वाघ?"

"पहाटवाल्यांचा. गुलाबी पंजाचा. रांगेतल्या पोरांसमोर दोन बोटं नाचवली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि मागच्या जिन्याने पसार."

बोरमने कॉफी तशीच टेबलावर ठेवली.

विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत बाकी काहीही चालतं. पोरं चौकात नाचतात, उमेदवार बर्फात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे वाकतात, गाणी अशी वाजवतात की प्राध्यापकाला फळ्यावर काय लिहीत होतो ते आठवू नये. पण मतदानाच्या दिवशी केंद्रात प्रचार केला की ताकीद. तीन ताकिदी झाल्या की पॅनेल बाद. क्रमांक दोनच्या 'पहाट' पॅनेलला दोन ताकिदी आधीच मिळाल्या होत्या, एक भोंग्यासाठी आणि एक झाडाला ठोकलेल्या फलकासाठी. दोन्हींवर शिक्का समितीच्या अध्यक्षाचा, म्हणजे बोरमचा.

पहाटचा उमेदवार होता गिल थेसान. उंच, हसरा, समोरच्याला आपण जगातले एकटेच आहोत असं वाटायला लावणारा. बोरमला दोन वर्षं तसं वाटलं होतं. वसंतात त्याने तिला विचारलं, माझ्याबरोबर उपाध्यक्षपदाला उभी राहशील का. उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत उपाध्यक्षपदाला दासोम उभी होती. "तिच्या ओळखी जास्त आहेत गं," एवढंच तो म्हणाला. मग हळूहळू फोनही थांबले. बोरम निवडणूक समितीवर गेली आणि सगळे म्हणू लागले, बघा किती तटस्थ मुलगी. ही तटस्थ मुलगी दासोमच्या फलकाकडे रोज न बघता पुढे जायची, आणि न बघताही तिला ठाऊक असायचं की फोटोत दासोमने केस कुठल्या खांद्यावर घेतलेत.

लायब्ररीत पोचल्यावर दुसिकने तिला जिन्याखाली नेलं. झाडू-बादल्या ठेवायच्या कोनाड्यात वाघ पडला होता. डोकं एकीकडे, धड एकीकडे.

"कोणी पाहिलं आत कोण होतं ते?"

"कोणी नाही. आणि मागच्या जिन्याला कॅमेरा नाही."

"उंची?"

"एवढं मोठं डोकं घातल्यावर कसली उंची? आत मीही मावेन."

"तू नाही मावणार," बोरम म्हणाली आणि वाघ उलटापालटा करून पाहू लागली.

पिवळा केसाळ पोशाख. डावा पंजा मूळचाच, पिवळा. उजवा पहिल्याच आठवड्यात एका कुत्र्याने फाडला होता. त्या जागी पहाटवाल्यांनी भांडी घासायचा गुलाबी रबरी मोजा चिकटवला, आणि त्या मोज्यानेच वाघ विद्यापीठभर गाजला. बोरमने पोशाखाचे पाय झटकले. फरशीवर काहीतरी बारीक, पांढरं सांडलं. तिने बोटाला लावून जिभेवर ठेवलं.

"मीठ. जाडं मीठ."

"किमचीचं," दुसिक म्हणाला. "हा आठवडाच कोबी खारवायचा. मुलींच्या वसतिगृहात काल कोबीचा डोंगर घातला होता. मी वास घेत दोनदा पलीकडून गेलो, कोणी आत बोलावलं नाही."

मग त्याने फोनवरचा फोटो दाखवला. रांगेतल्या कोणीतरी अगदी समोरून काढलेला. वाघ पोटावर हात बांधून कमरेत वाकलेला. गुलाबी पंजा पिवळ्यावर.

"उजवा हात वर," बोरम हळूच म्हणाली.

"म्हणजे बाई." दुसिकचे डोळे चमकले. "पुरुष डावा वर ठेवतो, बाई उजवा. बालवाडीत चुकलं की पट्टी बसायची."

बोरम फोटोकडे बघत राहिली. वाघाचं डोकं घातल्यावर माणूस चाल बदलेल, खांदे पाडेल, आवाज काढणार नाही. पण वाकताना कुठला हात वर जातो, याचा विचार कोणीच करत नाही. तो आपोआप जातो. किमची घालणारी बाई, पोशाखापर्यंत हात पोचणारी. बोरमच्या मनात एकच नाव आलं आणि ते येताच तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. इतकं बरं वाटायला नको होतं, हेही तिला कळत होतं.

"सहाला मतदान संपतं," दुसिक म्हणाला. "त्याआधी निकाल द्यावा लागेल. आत त्यांचाच माणूस असेल तर तिसरी ताकीद. पहाट बाद."

"माहीत आहे मला."

पहाटची खोली विद्यार्थी भवनाच्या दुसऱ्या मजल्यावर होती. दाराला आकड्यांचं कुलूप. आत थेसान एकटाच येरझाऱ्या घालत होता.

"बोरम, मी शपथ घेतो..."

"शपथ नको. उत्तरं दे. वाघ कुठे असायचा?"

"इथे, या दारामागे. सकाळी मी आठला निघालो तेव्हा होता."

"कुलूप तोडलेलं नाही. आकडे कोणाकोणाला माहीत आहेत?"

"मला, दासोमला, इनहोदादाला."

"एवढ्यांनाच?"

"आणि कालपासून हारिनला. पण ती सकाळपासून परीक्षेला बसलीय. वर्गभर साक्षीदार आहेत."

"तू कुठे होतास?"

"कॅन्टीनमध्ये, वार्ताहरांबरोबर. विचार त्यांना."

"दासोम?"

थेसानने केसांतून हात फिरवला. "फोन लागत नाही तिचा. सकाळपासून."

बोरमने भिंतीकडे पाहिलं. तीस खुंट्या, तीस पिवळे खांदेपट्टे. नियमाने पॅनेलमध्ये उमेदवार धरून तीसच माणसं चालतात, एकही जास्त नाही. प्रत्येक खुंटीखाली नावाची चिठ्ठी. दारातून शिरताच पहिली दिसे ती प्रचारप्रमुखाची. तिच्याखाली कोरी करकरीत चिठ्ठी होती: हारिन.

"ही प्रमुख कधीपासून?"

"दादाच्या जागी घेतलं. त्याचे वडील गेले, तो गावाला. त्याला कशाला त्रास? शुक्रवारी तूच तर मंजुरी दिलीस."

दिली असेल. शुक्रवारी बोरमने न वाचता पुष्कळ शिक्के मारले होते, त्यावर थेसानची सही दिसली की लवकर उरकायचं म्हणून.

"दादाला सांगितलंस?"

"आल्यावर सांगेन की. संध्याकाळपर्यंत येतोय."

इनहोला सगळे दादा म्हणत. थेसानपेक्षा वर्षाने मोठा, सैन्यातून परत आलेला, सोक्चोच्या एका मच्छीमाराचा मुलगा. पहाट हे नाव त्याचं, घोषणा त्याच्या, थेसान जी भाषणं ठोकायचा तीही रात्रंदिवस बसून यानेच लिहिलेली. थोरल्याने लिहायचं आणि धाकट्याने टाळ्या घ्यायच्या, असा उलटा कारभार होता तो. पण इनहो कधी चकार शब्द बोलला नाही.

गेल्या आठवड्यात वडील गेले तेव्हा अख्खी गाडी भरून मंडळी सोक्चोला गेली होती. बोरमही, हाच काळा कोट घालून. इनहो काळ्या कपड्यांत, दंडाला शोकाची पट्टी बांधून वडिलांच्या तसबिरीशेजारी उभा होता. तीन दिवस तो तसाच उभा होता म्हणे. येईल त्या प्रत्येकाला हात बांधून वाकायचं, पुन्हा उभं राहायचं. थेसान पुढे झाला आणि हात बांधून उभा राहिला, तर इनहोच्या एका म्हाताऱ्या काकाने सरळ त्याच्या मनगटावर चापट मारली. "हात बदल रे बाबा. मयतीला आलायस की लग्नाला?" आणि स्वतःच त्याचे हात सारखे केले. मागे दोघी-तिघींनी हसू दाबलं. पण थेसानचं काहीच बिघडलं नाही. जेवणाच्या पंगतीत प्राध्यापक त्याच्याच भोवती आणि इनहोची आई त्याचाच हात धरून. घरी परतल्यावर बोरमच्या आईने तिला दारातच थोपवून अंगावर मूठभर मीठ फेकलं होतं. मयतीहून आलेल्या माणसाच्या मागे काही येऊ नये म्हणून. दोघींची त्यावरून जुंपलीही होती.

बोरमने कोटाची बटणं लावली आणि ती जेगलला शोधायला निघाली.

जेगल म्हणजे क्रमांक एकच्या 'पूल' पॅनेलचा उमेदवार. तो पायऱ्यांवर बसून भाजलेलं रताळं सोलत होता.

"या, अध्यक्षबाई. वाघ पकडला का?"

"सकाळी दहाला कुठे होतास?"

"दात काढायला. हा बघ गाल." गाल खरंच सुजला होता. "आणि मी कशाला करू? थेसान बाद झाला तर सगळ्यात मोठं नुकसान माझंच."

"ते कसं?"

"निम्म्या पोरांनी मत दिलं नाही तर निवडणूकच रद्द. तुलाच पाठ आहे की नियम. थेसान गेला तर त्याची पोरं घरी झोपतील. मतदान निम्म्याला पोचणार नाही. मग मी कशाचा अध्यक्ष, या पायऱ्यांचा?" त्याने रताळ्याचा तुकडा तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही. "पोटात कोणाच्या दुखतंय ते बघ, बोरम. बाहेरच्यांच्या नाही दुखत. आतल्यांच्याच दुखतं."

"म्हणजे कोणाच्या?"

"तुझ्या नाही दुखत का?" तो म्हणाला. नाकाला मिरच्या झोंबाव्यात तशी बोरम तिथून निघाली.

दासोम दुपारी तीनला सापडली. मागच्या फाटकातून, भिंतीच्या कडेकडेने येत होती. काळा सूट, उंच टाचा, केसांचा घट्ट अंबाडा. बोरमने तिला समोरच्या रिकाम्या वर्गात नेलं आणि दार लावलं.

"सकाळपासून कुठे होतीस?"

"लायब्ररीत."

"लायब्ररीतच ना? वाघही तिथेच होता."

दासोमने नजर खिडकीकडे वळवली.

"काल किमची घातलीस?"

"घातली. हात अजून चुरचुरतायत. का?"

"वाघाच्या पायात मीठ होतं. आणि तो बाईसारखा वाकला." बोरमने फोटो पुढे केला. आपला आवाज गोड होत चाललाय हे तिचं तिलाच ऐकू येत होतं. "थेसान निवडून आला तर तू कायमची दुसरी. तेच सलत होतं ना?"

दासोमने फोटो पाहिला. मग ती अशी हसली की बोरम चपापली.

"ताई, मी कशी दुसरी? दुसरी तुम्ही आहात. किंवा पहिली. मी तिसरी." तिने ओठ आवळले. "त्याच्या तोंडी उठता-बसता तुमचंच नाव. बोरम असती तर हे असं लिहिलं असतं, बोरमने तेव्हा तसं सुचवलं होतं. कान किटले माझे. तुम्हाला नुसतं लांबून बघितलं तरी माझं डोकं उठतं, खरं सांगते."

 एवढे महिने बोरम जिच्यावर जळत होती, ती हिच्यावर जळत होती. तेवढ्यात तिची नजर दासोमच्या कोटावर गेली. कॉलरखाली एक छोटा प्लास्टिकचा बिल्ला अडकलेला होता. त्यावर 'पाहुणे' आणि आजची तारीख.

"हे काय?"

दासोमने दचकून त्यावर हात ठेवला. मग काढून टेबलावर ठेवला.

"सोलला गेले होते. नोकरीच्या मुलाखतीला. साडेनऊपासून बारापर्यंत आम्ही सहाजणी एका खोलीत होतो. लावा फोन कंपनीत, विचारा." ती खाली बघून म्हणाली, "फक्त त्याला सांगू नका. नोकरी लागली तर हे पद सोडावं लागेल. मतदानाच्या दिवशी उपाध्यक्षच पळाली, असं नको व्हायला."

बोरमने फोन लावला. पलीकडच्या बाईने शांतपणे सगळं खरं असल्याचं सांगितलं.

ती बाहेर आली तेव्हा चार वाजून गेले होते.  ज्या उत्तरासाठी सकाळपासून ती मनातल्या मनात मिटक्या मारत होती, ते उत्तर हातातून गेलं होतं, आणि दुसरं नव्हतं. वाऱ्याने कान बधिर होत होते. तिने कोटाची टोपी ओढून डोक्यावर घेतली.

मानेवर काहीतरी खसखसलं आणि पाठीत उतरलं. थंडगार, टोचणारं. तिने कॉलरमध्ये बोटं घातली.

मीठ.

आईने फेकलेलं. सोक्चोहून आल्यापासून हा कोट तिने आजच बाहेर काढला होता. बोरम रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून सायकलवाल्याने घंटी वाजवली, शिवी दिली आणि तो वळसा घालून गेला. मीठ काही फक्त कोबीवर पडत नाही. आणि त्या म्हाताऱ्या काकाने मारलेली चापट, बदललेले हात. तिने कोटाच्या बाह्या वर सारून आपलेच दोन हात एकमेकांवर ठेवून पाहिले.

मग तिने एक फोन केला. इनहो ज्या घरी खोली घेऊन राहायचा, त्या घरच्या काकूंना.

"काकू, इनहोदादा गावाहून आला का?"

"सकाळीच आला की. पहिल्या गाडीने. मी दारातच थांबवून दोन मुठी मीठ मारलं, बुटांतसुद्धा गेलं. पोरगा काही बोलला नाही गं. बॅग टाकली आणि म्हणाला, पहाटच्या खोलीवर जाऊन येतो, मंडळी वाट बघत असतील."

पाचच्या सुमारास पहाटच्या खोलीत चौघं जमले होते. थेसान, दासोम, दुसिक आणि बोरम. दार वाजलं आणि इनहो आत आला. गालांवर दाढीचे खुंट, हातात वाळवलेल्या माकुल मासळीचं पुडकं.

"गाडी उशिरा आली," तो म्हणाला. "आईने हे पाठवलंय. सगळ्यांसाठी."

"बस दादा," बोरम म्हणाली. "प्रवास कसा झाला?"

"झाला."

"कुठल्या गाडीने आलास?"

"दुपारच्या."

"काकू म्हणतात पहिल्या."

इनहोने पुडकं टेबलावर ठेवलं. थेसान एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागला.

"मी सांगते," बोरम म्हणाली. "वाघ कुलूप न तोडता निघाला, म्हणजे आकडे माहीत असलेल्या माणसाने काढला. असे चौघं. हारिन परीक्षेला, थेसान वार्ताहरांबरोबर. दासोम कुठे होती ते मी तपासलंय, ती इथे नव्हती. जेगलला आकडेही माहीत नव्हते आणि फायदाही नव्हता. राहिला एकजण, जो अजून गावालाच आहे असं आपण सगळे धरून चाललो होतो."

"पण नमस्कार?" दुसिक म्हणाला. "उजवा हात वर होता ताई. बाईचा."

"उजवा हात बाईचा, एरवी. मयतीत उलटं. मयतीत पुरुषाचा उजवा वर जातो. म्हणूनच थेसानच्या मनगटावर चापट बसली होती, आठवतं? आपण मयतीला जातो ते एकदा वाकतो आणि विसरतो. पण जो मुलगा तीन दिवस बापाच्या शेजारी उभा राहून शेकडो लोकांना वाकला, त्याचे हात अजून तिथेच आहेत. आणि पायातलं मीठ कोबीचं नव्हतं. काकूंनी दारात बुटांवर मारलेलं होतं."

इनहोने नकळत खाली पाहिलं. तो उभा होता, आणि त्याचे हात पोटावर बांधलेले होते. उजवा वर.

"दादा?" थेसान म्हणाला. "तू?"

"मी ठरवून नाही आलो," इनहो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "पहिल्या गाडीने आलो, मतदानाला हातभार लागेल म्हणून. दार उघडलं. माझ्या खुंटीवर दुसऱ्याचं नाव. माझा पट्टा दुसऱ्याचा. बापाला माती देऊन आठवडा झाला नाही, तेवढ्यात इथेही मला माती दिली होती."

"तुला त्रास नको म्हणून..."

"ऐक. माझ्या आईने तुझा हात धरला होता ना? काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, यांना फार आवडायचास तू. शेवटी शेवटी टीव्ही बघावा तशी तुझी भाषणं बघायचे. माझी भाषणं, थेसान. मी लिहिलेली. माझा बाप माझे शब्द ऐकत गेला आणि नाव तुझं घेत गेला. माझ्या बापाच्या मयतीतही उमेदवार तूच होतास."

 दासोमने तोंडावर हात ठेवला.

"दारामागे वाघ दिसला," इनहो म्हणाला. "वाटलं, याचं तोंड कोणाला दिसत नाही आणि माझंही कोणाला दिसत नाही. जमेल आपल्याला." तो बोरमकडे वळला. "मग आता? मी पहाटचा माणूस. केंद्रात प्रचार केला. तिसरी ताकीद. मार शिक्का."

थेसान खुर्चीवर बसला.  दुसिकने दोनदा घड्याळाकडे आणि एकदा बोरमकडे पाहिलं.

बोरमने भिंतीवरच्या पहिल्या खुंटीकडे पाहिलं. तिला जे सांगायचं होतं त्याने थेसान वाचणार होता, आणि ते ज्याला सांगायचं होतं त्याला ते चाकूसारखं लागणार होतं. पण त्याशिवाय दुसरा रस्ता नव्हता.

"नाही दादा," ती म्हणाली. "तू पहाटचा माणूस नाहीस. शुक्रवारपासून नाहीस. पॅनेलमध्ये तीसच माणसं, आणि तुझ्या जागी हारिन आहे. मंजुरी मीच दिली. तू जे केलंस ते बाहेरच्या विद्यार्थ्याने केलेलं धरलं जाईल. तुझ्यावर कारवाई होईल, उद्या स्वतःच्या हाताने लिहून, नावासकट जाहीर माफी भिंतीवर लावावी लागेल. पण पहाटला ताकीद नाही."

इनहो तिच्याकडे बघत राहिला. मग थेसानकडे. ज्या गोष्टीचा सूड घ्यायला तो वाघात शिरला होता, तिनेच त्याचा सूड फुकट घालवला होता. तो थोडासा हसला.

"म्हणजे तुला बुडवण्यापुरताही मी तुझा कोणी लागत नाही," तो म्हणाला.

"दादा, चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं," थेसान म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि बोरमला दिसलं की रडतानाही तो चांगलाच दिसत होता. आज पहिल्यांदा तिला त्याचं काही वाटलं नाही.

"हो. विचारायला हवं होतंस," इनहो म्हणाला आणि दार उघडून बाहेर गेला.

बोरम त्याच्या मागे गेली. जिन्याच्या खिडकीपाशी तो उभा होता. बाहेर दिवे लागत होते.

"तू कसं ओळखलंस?" त्याने विचारलं. "मीठ आणि हात ठीक आहे. पण मी? माझ्यावर कोणाचाच संशय जात नाही. भला माणूस."

"ज्याचं जळतं त्याला कळतं, दादा. सकाळपासून मला दासोमच हवी होती. मीठ तिचं, हात तिचा. मी सगळं तिच्याच गळ्यात बांधत होते. ती सुटली तेव्हा मला राग आला. मग विचार केला, हा राग अजून कोणाला येत असेल."

 इनहोचे हात पुन्हा पोटावर गेले होते. बोरमने पुढे होऊन त्याची मनगटं धरली. त्या म्हाताऱ्या काकाने केलं होतं तसंच, पण चापट न मारता, तिने उजवा हात खाली घेतला आणि डावा वर ठेवला.

"पुरे आता," ती म्हणाली. "बाबा गेले. तू उरलायस."

त्याचे खांदे एकदम खाली आले. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, आणि बोरमने तिकडे पाहिलं नाही.

"मत द्यायला वेळ आहे अजून?" शेवटी त्याने विचारलं.

"आहे. पळालास तर."

सहा वाजायला आले तेव्हा लायब्ररीच्या केंद्रावर रांग संपली होती. मतदान निम्म्याच्या वर गेल्याचं दुसिकने मघाशीच कोणाला तरी ओरडून सांगितलं होतं आणि आता तो माकुलाचा तुकडा चघळत पेटीजवळ उभा होता. इनहोने ओळखपत्र दाखवलं, पडद्याआड गेला, बाहेर आला, मतपत्रिका पेटीत टाकली. कोणाला मत दिलं ते त्याचं त्याला ठाऊक. मग तो टेबलामागच्या पोरींकडे वळला आणि दिवसभर बसलात, दमला असाल, म्हणून कमरेत वाकला.

बोरम दारातून बघत होती. डावा हात वर होता. सहा वाजले, तशी तिने पुढे होऊन पेटीला सील लावलं.